शॅमेलिऑन आणण्याआधी पंधरा दिवस रिकामा पिंजरा

शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, पाळायचा तर पहिले पंधरा दिवस पिंजरा रिकामाच चालवायचा. दिवे वेळेवर लागतात-विझतात का, दुपारी तीन वाजता वरच्या फांदीवर किती तापमान होतं, फवारलेलं पाणी दोन-तीन तासांत वाळतं का, ट्रे भरून फरशीवर ओघळतो का, हे सगळं प्राण्याविना तपासता येतं. प्राणी आत आल्यावर या चुकांची किंमत तोच मोजतो. शिवाय दुखणं लपवणं त्याच्या अंगातच असतं. तो आजारी दिसायला लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

बहुतेक माहिती थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली असते. त्यांची काळजी ऊब कशी द्यायची ही. सांगलीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तर साताऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत. तेव्हा इथे आधी उष्णता आणि ओल काढून टाकायची सोय करायची, वाढवण्याचा विचार नंतर.

आधी कायद्याचं. बांधावरच्या बाभळीवर, घाणेरीच्या झुडपात दिसतो तो आपला घोयरा हाच भारतीय शॅमेलिऑन. तो वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहे. पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा. तो विषारीही नाही. रस्त्यावर जखमी सापडला तर वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा. पाळण्यासाठी मिळतो तो बहुधा व्हेल्ड जातीचा शॅमेलिऑन, मूळचा येमेन आणि नैऋत्य सौदी अरेबियातला, किंवा मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन. दोन्ही साइट्स, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी चौथ्या अनुसूचीत आले आणि 2024 च्या नियमांनुसार त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश 2.0 या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणारा ‘कागद लागत नाहीत’ म्हणाला तर तिथूनच मागे फिरा. पहिल्यांदा पाळणाऱ्यासाठी व्हेल्ड जरा काटक, म्हणून पुढचं सगळं त्याच्याविषयी.

पिंजरा उभा हवा. मोठ्या नराला 60 बाय 60 सेंमी तळ आणि 120 सेंमी उंची. मादीला 45 बाय 45 बाय 90 हे कमीत कमी. काचेची टाकी नको, इथल्या हवेत ती भट्टी होते. चारही बाजूंनी जाळी असलेला पिंजरा ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडून सहज बनतो. त्याला सांगायच्या गोष्टी तीनच: जाळी ॲल्युमिनियमची हवी, कारण फायबरची रातकिडे कुरतडतात आणि लोखंडी जाळीची कापलेली टोकं नखं उपटतात, जाळीच्या सगळ्या कडा पट्टीखाली दाबलेल्या हव्यात, आणि तळाशी पाणी निघून जायला भोक हवं, खाली सरकता ट्रे. खाणं देण्यासाठी खाली एक छोटं वेगळं दार करून घेतलं तर रोज मोठं दार उघडावं लागत नाही. पिंजरा जमिनीवर ठेवू नका. वरची फांदी माणसाच्या डोळ्यांच्या वर आली की हा प्राणी निम्मा शांत होतो. वरून येणारी कुठलीही हालचाल त्याच्या लेखी घारच असते.

फांद्या पेरूच्या उत्तम: कठीण, गुळगुळीत, बोटाएवढ्या जाडीपासून अंगठ्याच्या दीडपट जाडीच्या. बऱ्याचशा आडव्या बांधा. झाडांत मनी प्लांट, अंब्रेला प्लांट, जास्वंद, बारीक पानांचा फायकस. व्हेल्ड पानंही खातो, त्यामुळे कण्हेर, रुई, डिफेनबेकिया आसपाससुद्धा नकोत. नर्सरीतल्या कुंडीत दाणेदार कीटकनाशक टाकलेलं असू शकतं, ते झाडाच्या रसात उतरतं. म्हणून माती पूर्ण बदला, पानं धुवा आणि झाड महिनाभर बाहेर ठेवा. रिकामा पिंजरा चालवायचे पंधरा दिवस त्यानंतर मोजायचे.

सगळ्यात जास्त घोळ दिव्यांत होतो. दोन दिवे लागतात आणि दोघांची कामं वेगळी. ऊब घ्यायला साधा पिवळा 40 किंवा 60 वॅटचा बल्ब, जाळीच्या बाहेर, वरून. आणि यूव्हीबी (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार) देणारी टी5 प्रकारची बारीक, लांब ट्यूब, 5 किंवा 6 टक्क्यांची, रिफ्लेक्टरसह. यूव्हीबी मिळाली नाही तर कातडीत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम हाडापर्यंत पोचत नाही. ही ट्यूब ऑनलाइनच मागवावी लागते. विजेच्या दुकानात ‘यूव्ही’ म्हणून मिळते ती पाण्याच्या प्युरिफायरची असते. तिचे किरण यूव्हीसी, ते डोळे जाळतात. मच्छर मारायच्या यंत्रातली निळी ट्यूब तर वेगळीच, तिच्यात यूव्हीबी नसतेच. जाळीवर ठेवलेल्या 6 टक्क्यांच्या ट्यूबपासून प्राण्याच्या पाठीपर्यंत साधारण 20 सेंमी अंतर धरा. पाठीपर्यंत, फांदीपर्यंत नव्हे. मोठा नर फांदीवर बसला की पाठ आठ-दहा सेंमी वर येते, म्हणजे फांदी 28 ते 30 सेंमी खाली. ट्यूब पेटत राहिली तरी यूव्हीबी घटत जाते, म्हणून वर्षाने बदला. बसवल्याची तारीख ट्यूबच्या टोकाला मार्करने लिहून ठेवा.

बल्बखालच्या फांदीवर मोठ्या नराला 29 ते 31 अंश, पिल्लाला आणि मादीला 27-28 अंश पुरे. बाकी पिंजरा 23 ते 27. रात्री 16-18 पर्यंत उतरलं तर चांगलंच, काही लावू नका. लाल किंवा निळा ‘नाइट बल्ब’ तर नकोच. बारा तास उजेड आणि बारा तास पूर्ण अंधार. बल्ब फार जवळ असेल तर पाठीच्या कण्यावर किंवा डोक्यावरच्या तुऱ्यावर भाजतं. पाठ भाजत असली तरी तो तिथून हलत नाही. तापमान भिंतीवरच्या शोभेच्या घड्याळात नव्हे, वायरच्या टोकाला सेन्सर असलेल्या मापकाने, पाठीच्या उंचीवर बघा.

एप्रिल-मेचा नियम सोपा: खोली 32 अंशांच्या वर गेली की पिवळा बल्ब बंद, यूव्हीबी ट्यूब चालू. थेट गच्चीच्या स्लॅबखालच्या मजल्यावर पिंजरा ठेवू नका. कूलर कोरड्या उन्हाळ्यात चालतो, पण झोत भिंतीकडे असू द्या. वाळ्याचा पडदा त्याहून बरा. प्राणी फिकट पडून तोंड उघडं ठेवून बसला असेल तर त्याला उकडतंय. लगेच सावली करा आणि साध्या पाण्याची बारीक फवारणी, बर्फाचं पाणी नाही. तेच तोंड उघडं ठेवणं खोली 25 अंशांवर असताना दिसलं, नाक वर करून श्वास घेणं किंवा शिट्टीसारखा आवाज असला, तर तो छातीचा संसर्ग. डॉक्टर.

ऊन मोफत आहे म्हणून वापरा, पण काचेतून येणारं ऊन बिनकामाचं; काच यूव्हीबी अडवते. सकाळी साडेआठच्या आत, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली करून वीस मिनिटं. पिंजऱ्यापाशी थांबायला वेळ नसेल तर बाहेर काढूच नका. कावळा आणि मांजर दोघांनाही वीस मिनिटं फार होतात.

पाणी. वाटीतलं पाणी हा पीत नाही, त्याला ते पाणी म्हणून कळतच नाही. पानावरचे थेंब चाटतो. पहाटे दिवे लागायच्या आधी दोन मिनिटं आणि रात्री दिवे गेल्यावर दोन मिनिटं फवारणी, दुपारी वीस मिनिटं थेंब-थेंब पाणी. थेंबासाठी मेडिकलमधला नवा कोरा सलाईन सेट घ्या. बाटली वर टांगायची, चाकाने सेकंदाला एक थेंब धरायचा, थेंब जास्वंदीच्या मोठ्या पानावर पडू द्यायचे. एवढ्या तीस-चाळीस रुपयांच्या वस्तूपुढे महागडे ड्रिपर फिके आहेत. फवारणी स्वयंचलित करायची तर आरओचा बूस्टर पंप, त्याचाच पाइप आणि मिस्टचे दोन नोझल पुरतात. टायमर मात्र डिजिटल, मिनिटाच्या हिशोबाचा. फिरत्या चकतीच्या टायमरचा लहानातला लहान टप्पा पंधरा मिनिटांचा असतो, तेवढ्यात घरात कृष्णा येते. बोअरच्या जड पाण्याने नोझल महिन्यात चोंदतात आणि पानांवर पांढरा थर धरतो. आरओचं पाणी वापरा.

दिवसा दमटपणा 40-50 टक्के, रात्री 80 च्या वर गेला तरी चालतो, पण अट एकच: सकाळी नऊ-दहापर्यंत पानं वाळलीच पाहिजेत. पावसाळ्यात साताऱ्यात ती वाळत नाहीत. मग रात्रीची फवारणी बंद, सकाळची एक मिनिट, आणि खोलीत पंखा मंद, पिंजऱ्यावर नाही, भिंतीवर. उबदार, कुंद, ओली हवा म्हणजे फुप्फुसाचा आजार ठरलेला. पाणी पुरतंय का ते विष्ठेवरून कळतं. तिच्याबरोबर पडणारा युरेटचा खडा, म्हणजे लघवीतला घट्ट भाग, पांढरा, टोकाला किंचित पिवळा असेल तर ठीक. पूर्ण नारिंगी असेल तर पाणी कमी पडतंय.

खाण्याचं गणित वयावर. तीन-चार महिन्यांपर्यंत रोज दहा-पंधरा बारीक रातकिडे. सहा महिन्यांनंतर दिवसाआड सात-आठ. वर्षाच्या नराला दिवसाआड चार-पाच. किडा दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा लांब नको. लोक इथे लाडाने चुकतात. मागतो म्हणून मादीला भरपूर चारलं तर ती जास्त अंडी धरते.

रातकिडे घरी वाढवता येतात: झाकणाला जाळी लावलेला प्लास्टिकचा डबा, आत अंडीवाल्याकडचे कागदी ट्रे उभे, तापमान 28 ते 32, आणि अंडी घालायला ओल्या कोकोपीटची वाटी. दहा-चौदा दिवसांत पिल्लं निघतात. त्यांना पाण्याची वाटी दिली तर बुडून मरतात. गाजर, भोपळ्याच्या फोडी द्या. शॅमेलिऑनला देण्याआधी चोवीस तास रातकिड्यांना शेवग्याचा पाला, गाजर, पपई खाऊ घाला. शेवग्याचा पाला आपल्याकडचं सोनं आहे, कॅल्शियम भरपूर. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडकवतं.

रेशमाच्या अळ्या मऊ आणि पचायला हलक्या, सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत तुती करणारे शेतकरी आहेत. पण संगोपनगृहात रोग टाळायला अळ्यांवर चुना आणि निर्जंतुक पावडर धुरळतात. धुरळणीआधीच्या अळ्या मागा आणि चार दिवस स्वतःच्या, न फवारलेल्या तुतीवर ठेवा. शेतातले नाकतोडे मात्र कितीही फुकट असले तरी नकोत. तासगावच्या द्राक्षबागेतला किंवा कडेच्या बांधावरचा नाकतोडा म्हणजे औषधाची पुडी. घरातली झुरळं, मुंग्या, पावसाळ्यातले काजवे हेही नाही.

प्रत्येक खाण्यावर साधी कॅल्शियम कार्बोनेट पावडर, ड जीवनसत्त्व आणि फॉस्फरस नसलेली, मिठाच्या चिमटीएवढी. किडा हलका पांढरा दिसावा, पीठ लावून तळायला काढल्यासारखा नाही. पंधरा दिवसांतून एकदा डी3 (ड जीवनसत्त्वाचाच प्रकार) आणि मल्टिव्हिटॅमिन असलेली. मेडिकलमधली कॅल्शियमची गोळी कुटून रोज देण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्या गोळ्यांत बहुतेक वेळा डी3 असतं आणि रोजच्या डी3 ने मूत्रपिंडं बिघडतात. उलट काहीच दिलं नाही तर हाडं मऊ होतात: पुढचे पाय धनुष्यासारखे वाकतात, पकड सुटते, जीभ बाहेर जाते पण आत येत नाही. वाकलेलं हाड नंतर सरळ होत नाही, फक्त पुढचं थांबतं. किडे एखाद्या कपामध्ये घालून द्या. मोकळे सोडलेले रातकिडे रात्री झोपलेल्या प्राण्याची कातडी चावतात.

मादी असेल तर पाच-सहा महिन्यांपासून तयारीत राहा, नर नसला तरी ती अंडी घालते. नदीची वाळू चाळून, धुऊन, 30 सेंमी खोल आणि तितक्याच रुंद डब्यात भरायची. ओल एवढी की मुठीत दाबल्यावर लाडवासारखी राहील, पण पाणी ठिबकणार नाही. मादी खाणं सोडून तळाशी येरझारा घालू लागली की डबा आत आणि पिंजऱ्यावर चादर. एक-दोन दिवस कोणी डोकवायचं नाही; कोणी बघतंय हे कळलं तर ती खड्डा अर्धवट सोडते आणि अंडी पोटात अडकतात. डोळे मिटून वाळूवर पडून राहिली तर तो दिवस वाट बघण्याचा नाही.

एका पिंजऱ्यात एकच. जोडी नाही, आरसा नाही, समोरासमोर दुसरा पिंजरासुद्धा नाही. रंग बदलतो तो पार्श्वभूमीशी जुळवायला नव्हे. ऊब, भीती, राग यांमुळे. गडद रंगाने चपटा होऊन फुसफुसतोय तेव्हा त्याला हात लावू नका. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण बागेतल्या सरड्याची. हा धावत नाही, पण पकडायला वरून हात आला की चावतो. काढायचाच असेल तर छातीसमोर फांदी धरा, तो स्वतः चढतो. नवा आणल्यावर पहिले तीन दिवस फक्त पाणी आणि खाणं.

दर रविवारी फांदीसकट ग्रॅमच्या काट्यावर वजन करा, फांदीचं वजा करा, वहीत लिहा. दोन आठवडे घट दिसली तर ताजी विष्ठा घट्ट डबीत घालून तपासणीला न्या. जंताचं औषध वजनावर ठरतं, अंदाजाने देऊ नका. सरपटणाऱ्या प्राण्यांत हात असलेला डॉक्टर गल्लीत मिळत नाही. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात, नाहीतर पुण्यात, प्राणी आणण्याआधीच फोन करून कोण बघतं ते विचारून ठेवा. न्यायची वेळ आली तर झाकणाला भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, आत आडवी बांधलेली फांदी, खाली ओला नॅपकिन, आणि उन्हाळ्यात पहाटेची गाडी.