सुपरमॅन आणि खार

रविवार, 9 नोव्हेंबर 2025. रात्रीचे साडेदहा.

आज ओंकारनं माझ्याशी बोलणं बंद केलंय. कारण एवढंच, की जेवताना मी म्हणालो, "तुझ्या त्या सुपरहिरोंच्यात वजन नसतंय." बारा वर्षांचं पोरगं. त्याला वाटलं, मी त्याच्या देवांनाच शिव्या घातल्या. ताटातला तांबडा रस्सा तसाच ठेवून उठला. रविवारचा तांबडा टाकून उठणं ही आमच्या घरात काय, आख्ख्या पेठेत गंभीर गोष्ट आहे. वहिनींनी माझ्याकडं असं बघितलं की मीही दुसरी वाटी मागितली नाही.

भाऊ नोकरीला पुण्यात, त्यामुळं पुतण्याला सिनेमाला न्यायचं खातं माझ्याकडं. मेपासून आत्तापर्यंत मारामारीचे आणि उडणाऱ्या माणसांचे पाच सिनेमे झाले, काही थेटरात, काही घरात. एवढे तर मी कॉलेजात असताना पण बघितले नव्हते. तेव्हा मला काय म्हणायचं होतं ते निदान या वहीत तरी धड लिहून ठेवावं.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे बीड ओतायच्या कारखान्यात, मला एकोणीस वर्षं झाली. वजन हा माझा धंदाच. परवा शुक्रवारचीच गोष्ट. सव्वा टनाचा एक जॉब, म्हणजे ओतून काढलेला बिडाचा तुकडा, फेटलिंगकडं, म्हणजे घासून साफ करायला, हलवायचा होता. बेल्ट टाकला, क्रेनवाल्याला हात केला. साखळी ताठली. अशा वेळी पहिल्यांदा काहीच होत नाही. जॉब जमिनीला चिकटल्यासारखा बसून राहतो, साखळी मात्र बोलायला लागते, बारीक करकर, झोपेत दात खाल्ल्यासारखी. सगळे दोन पावलं मागं सरतात, कुणाला सांगावं लागत नाही. मग एका कोपऱ्याखालची वाळू सुटते, बीड बोटभर उचलतं आणि हळूच एका अंगाला झुलतं. त्या झुलण्याची भीती एकोणीस वर्षांत गेलेली नाही. ज्यानं बोटभर उचललेलं सव्वा टन बीड बघितलंय, त्याला आख्खी बस चेंडूसारखी भिरकावणारा हिरो बघून जांभई येते, यात त्या माणसाची चूक काय?

आणि उचलायचं कुठं धरून, हा तर निराळाच विषय. बेल्ट दोन इंच चुकीच्या जागी पडला तर जॉब फिरतो. सिनेमात मात्र पडणारी इमारत हिरो मधोमध दोन हातांवर झेलतो आणि इमारत शहाण्या बाळासारखी त्याच्या हातावर बसून राहते. अरे, हाताखालचा तेवढाच तुकडा निघून येईल की! बाकीची इमारत जाईल खाली. मी हे थेटरात बोललो तेव्हा पुढच्या रांगेतल्या एकानं मागं वळून बघितलं. ओंकारनं कपाळाला हात लावला.

मेमध्ये 'मिशन: इम्पॉसिबल – द फायनल रेकनिंग' बघितला. जवळजवळ तीन तासांचा सिनेमा, त्यातला पहिला निम्मा नुसता बोलण्यात गेला. जो तो एकमेकाला जग कसं संपणार ते समजावून सांगतोय. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत यापेक्षा जास्त ॲक्शन असते. पण मग टॉम क्रूझ बुडालेल्या पाणबुडीत उतरतो. ती पाणबुडी समुद्राच्या तळाशी हळूहळू लोळते, आतलं पाणी एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जातं आणि रॅकवरचे टॉर्पेडो सुटून गडगडायला लागतात. तिथं मी खुर्चीत सरळ झालो. ते टॉर्पेडो जड होते. म्हणजे जड वाटत होते. एक अंगावर आला तर माणसाचं काय होईल ते कळत होतं. शेवटी ते दोन पंखी विमान. बासष्टीतला माणूस त्या पंखाला लटकलाय आणि वाऱ्यानं त्याच्या गालाचं कातडं फडफडतंय. आमचे आबा त्याच वयाचे असताना जोतिबाच्या पायऱ्यांवर तीनदा बसायचे आणि चौथ्यांदा "तुम्ही व्हा पुढं" म्हणायचे. पण टॉमलाही धाप लागलेली दिसते, हे मला आवडलं. धाप लागणारा हिरो मला पटतो.

'थंडरबोल्ट्स' मला चांगला वाटला, ओंकारला नाही. त्यात शेवटी खलनायकाला हाणून पाडत नाहीत, मिठी मारून शांत करतात. "काका, फसवलं," एवढंच म्हणाला. फ्लॉरेन्स प्यू सुरुवातीला क्वालालंपूरच्या 118 मजली इमारतीवरून उडी मारते, ती तिनं स्वतः मारलीय हे त्याला सांगितलं, तर म्हणाला, "मग तिलाच सुपरहिरो करा की." त्यात चुकीचं काही नाही.

'फॅन्टास्टिक फोर'ला घरचे सगळे गेलो होतो. साठच्या दशकातली अमेरिका, पण रोबोट आणि उडत्या गाड्यांची. दिसायला फार देखणा. ग्रह गिळणारा तो अवाढव्य गॅलॅक्टस न्यूयॉर्कच्या रस्त्यातून चालतो तेव्हा वजन आहे, ते कबूल. पण माझ्या लक्षात राहिली ती आमच्या हिची प्रतिक्रिया. त्या चौघांतली एकटी बाई स्यू, तिला अंतराळयानात कळा सुरू होतात, मागं ती चांदीची बाई फळीवर उभी राहून पाठलाग करतेय, सगळं थेटर श्वास रोखून बसलंय, आणि ही माझ्या कानात म्हणते, "अहो, पहिलं बाळंतपण. माहेरी पाठवायची सोडून हिला कुठं घेऊन हिंडायलेत?" त्यानंतर मला त्या सिनेमाचं गांभीर्य काही सापडलं नाही. चार-चार शास्त्रज्ञ डोकी एकत्र, आणि एकालाही सुचू नये!

गेल्या आठवड्यात घरी टीव्हीवर मल्याळम 'लोकाह' बघितला. केरळातल्या कळियंकाट्टू नीली या यक्षीची दंतकथा घेतलीय आणि तिला आजच्या बंगळुरात भाड्याच्या खोलीत आणून ठेवलीय. कल्याणी प्रियदर्शन फार कमी बोलते आणि फार नेमकं मारते. हॉलिवूडच्या पुढं पैसा चिल्लर असेल, पण कुठं थांबायचं ते त्यांना कळतं. मला राहून राहून वाटलं, आपल्याकडं विहिरीवरच्या हडळी आणि चिंचेवरच्या जखिणी काय कमी आहेत? लहानपणी आजीनं एकेकीचा पत्ता सांगितला होता, कुठल्या ओढ्याला, कुठल्या वळणावर. आपण त्या पोरांना भिववायला वापरल्या आणि संपवल्या. त्यांनी तिला नायिका केली.

आता सुपरमॅन. खरं भांडण याच्यावरनंच.

जुलैमध्ये लागला तेव्हा धो धो पाऊस होता. त्या दिवसांत कोल्हापुरातला माणूस सकाळी उठल्यावर चहाच्या आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. हे आकडे आमच्याकडं पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. तरी रेनकोट घालून स्कूटरवरनं गेलो. थेटरात एसी इतका, की ओला रेनकोट मी परत अंगात घातला. मध्यंतर तर एका वाक्याच्या मधोमध कापून केलं. तो माणूस काय म्हणणार होता ते नंतरही कळलं नाही.

परत येताना खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभापाशी पाऊस वाढला म्हणून थांबलो. ओंकारला विचारलं, "हे काय आहे माहीत आहे?" म्हणाला, "कॅमेरा." बरोबरच आहे म्हणा. मग त्याला सांगितलं, की आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री, म्हणजे आपले पेंटर, या नात्यातल्या दोघा भावांना सिनेमाचा नाद लागला. आनंदराव 1916 मध्ये गेले, तरी बाबूरावांनी नाद सोडला नाही. परदेशी कॅमेऱ्यावर अडून न बसता कॅमेरा इथंच, कोल्हापुरात, तयार केला. एकेक भाग घासून, बसवून. आज आमच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत कुणी नवीन मशीन खोलून तसंच्या तसं बनवून दाखवतो ना, त्या जातीचं काम. त्यातनं 1920 साली 'सैरंध्री' आला. त्यात भीमानं कीचकाला मारलं ते इतकं खरं वठलं की त्यावर कात्री चालली. ओंकारचे डोळे चमकले. "म्हणजे पहिला राडा आपला!" होय बाबा, आपला. आणि बघ, तेव्हा कात्री मारामारीला लागली. 2025 मध्ये आपल्या सेन्सॉरनं सुपरमॅनमधली मारामारी सगळी ठेवली आणि चुंबनाचे 33 सेकंद कापले. हे दुसरं वाक्य मी मनातच म्हणालो.

त्या भीम-कीचकाचं मला नेहमी वाटतं. ती दोन खरी माणसं असणार. एकमेकांच्या अंगाचा भार दोघांनी सोसलेला असणार. म्हणून ते बघणाऱ्याच्या पोटात गेलं. खासबागेच्या मैदानात कुस्ती बघताना असंच होतं. चितपट होताना तांबड्या मातीवर पाठ पडल्याचा जो आवाज येतो, तो कुठल्याही थेटरच्या स्पीकरमधनं आलेला मी अजून ऐकलेला नाही.

पण हा सुपरमॅन मला आवडला. ओंकारला हे सांगायच्या आधीच तो उठून गेला. सिनेमाच्या सुरुवातीलाच सुपरमॅन हरलेला असतो. आभाळातनं बर्फात येऊन आपटतो, तोंडातनं रक्त, धड शीळपण वाजवता येत नाही. त्याचा तो लाल झग्यातला कुत्रा येतो. वाटतं, आता धन्याला चाटेल, रडेल. तो आधी धन्याच्या अंगावर नाचतो आणि मग त्याला बर्फातनं फरफटत घरी नेतो. दुखणारा सुपरमॅन. तिथंच मी निम्मा विरघळलो.

मग ती खार. शहरात एक डोंगराएवढा प्राणी धुडगूस घालतोय, इमारती ढासळायला आल्यात, आणि सुपरमॅन मध्येच झेप घेतो आणि पायाखाली येणारी एक खार उचलून झाडाकडं नेऊन सोडतो. थेटरात हशा पिकला. ओंकार पण हसला. म्हणे सुरुवातीच्या चाचणी खेळांतही प्रेक्षकांना हा तुकडा खटकला होता, पण दिग्दर्शक जेम्स गननं हट्टानं ठेवला. खारीचा वाटा आपल्याला पाठ आहे, पण त्यात खार रामाच्या कामाला येते. इथं काम सोडून खारीसाठी कुणीतरी आलं होतं. मला हसू आलं नाही. मला सासूबाईंची कोंबडी आठवली.

2019 चा ऑगस्ट. नागपंचमीचा सोमवार. नदीकाठच्या चिखली गावात पुराचं पाणी चढतंय म्हणून सासू-सासऱ्यांना कोल्हापुरात आणायला गेलो आणि स्वतःच अडकलो. दुपारपर्यंत रस्ता गेला, संध्याकाळी जोत्याला पाणी लागलं, दुसऱ्या दिवशी आम्ही माडीवर. बोटी यायच्या होत्या, पण सगळीकडंच पाणी, किती ठिकाणी पुरणार? तेव्हा गावातल्या पोरांनी गुऱ्हाळावरची काहील काढली. गुळाची काहील म्हणजे भलीमोठी पसरट परात. तरंगते झकास, पण गोल असल्यामुळं तिला पुढं-मागं असं काही नसतं. वल्हवलं की जागेवर फिरते. दोन पोरं कडेला धरून पोहत होती आणि एकजण आत बसून फळीनं पाणी मारत होता. म्हाताऱ्या माणसाला आत घ्यायचं तर मधोमध बसवायचं आणि सांगायचं, हलू नका. एका खेपेला दोघंच. पाणी गढूळ, वरनं पाऊस, आणि प्रवाहाला ओढ अशी, की काहिलीला धरलेल्या पोरांच्या दंडाच्या शिरा माडीवरनं दिसत होत्या. ते वजन मी बघितलंय. सासरे चढताना काहील एका अंगाला कलली, तेव्हा शिरोलीतला झुलणारा जॉब आठवला आणि माझ्या पोटात तोच खड्डा पडला.

सासूबाई शेवटच्या. त्यांच्या पदराखाली कोंबडी. आत बसलेला पोरगा म्हणाला, "आजी, ते खाली ठेवा, अजून माणसं राहिल्यात." सासूबाई खाली ठेवायला तयार नाहीत. कोंबडी फडफडली तर काहील कलंडेल, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. मी जावई, मी काय बोलणार? शेवटी कोंबडी माडीच्या खुंटीला टोपलीखाली बांधली आणि आम्ही निघालो. सासूबाई वाटभर बोलल्या नाहीत.

तासाभरानं शाळेच्या चढाला आम्ही ओल्या कपड्यांत चहा पीत होतो. तोच पोरगा आला. खेपा संपल्या होत्या, ओठ निळे पडले होते. काखेत टोपली. म्हणाला, "धरा आजी. लई चोचा मारती हो ही." आणि गेला. त्याचं नाव त्या गडबडीत विचारलंच नाही. पुढं विचारलं तर गावात तिघांनी तीन नावं सांगितली.

हे मी ओंकारला मघाशी सांगायला हवं होतं. वजन नसतंय एवढंच म्हणून बसलो.

आत्ता पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात दिवा. बेटा उभ्या उभ्या गार तांबड्यात भाकरी कुस्करून खात होता. मी काही बोललो नाही. तोच म्हणाला, "काका, सुपरमॅनला काहीच जड लागत नसेल तर त्याला दम का लागतोय?" म्हटलं, बस, सांगतो. कोंबडीची गोष्ट सांगितली. सगळी ऐकून घेतली, आणि विचारलं काय, तर "मग ती कोंबडी जगली?"

जगली. पण धसक्यानं पुढं दोन महिने अंडी देईना, असं सासूबाई अजून सांगतात.