व्हर्नाझ्झाचे बांध

आज इटलीतल्या व्हर्नाझ्झाला दिवसभर डोंगर चढलो-उतरलो. समुद्राला लागून सांता मार्गेरिताचं जुनं चर्च, वर चाच्यांवर नजर ठेवणारा बुरूज. सगळे त्यांचेच फोटो काढतात. मला मात्र खिळवलं द्राक्षमळ्यांच्या बांधांनी! चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. फटीत बोट घातलं तर आत गार, ओलसर माती लागली. पावसाचं पाणी या फटींतूनच निचरतं, म्हणून बांध पाण्याच्या दाबाने फुगत नाही. शेत ओस पडलं की तो ढासळतो. २५ ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत डोंगरावरून आलेल्या चिखलाने मुख्य रस्ता गाडला गेला, तीन माणसं गेली. १९९७ पासून हा परिसर जागतिक वारसा आहे. इथे येणाऱ्या पर्यटकांच्या पैशातला मोठा वाटा बांध राखणाऱ्या शेतकऱ्यांना मिळायलाच हवा.