वर्सोव्याचा किनारा आणि आमचा मामा तलाव

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या तलावातील बेशरम, म्हणजे पाण्यात माजणारे एक चिवट झुडूप, उपटण्याचे काम पुन्हा सुरू झाले आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यातील अनेक गावांप्रमाणे आमच्याकडेही या कामात पुढे आहेत त्या मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या महिला, आणि त्यांच्या मागोमाग आता शाळा सोडून गेलेली, काही पुण्या-मुंबईला जाऊन परत आलेली मुलेही उतरू लागली आहेत. या मुलांच्या तोंडी सतत वर्सोव्याचे नाव असते. समुद्रकिनाऱ्यावरचा कचरा सामान्य माणसांनी उचलला, मग आपला तलाव आपल्याला का साफ करता येऊ नये, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते मला मनापासून आवडते. पण वर्सोव्याच्या उदाहरणातून नेमके काय घ्यायचे, याविषयी आमच्यात बरीच चर्चा झाली. तीच येथे थोडी सविस्तर मांडतो.

वर्सोव्याची हकिगत थोडक्यात अशी. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील हा सुमारे अडीच किलोमीटरचा पट्टा प्लास्टिकने पार झाकून गेला होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलाने आपल्या ८४ वर्षांच्या शेजाऱ्यांना सोबत घेऊन तेथे कचरा उचलायला सुरुवात केली. दोघांचे दहा झाले, दहांचे शेकडो झाले, कोळीवाड्यातील माणसे आली, विद्यार्थी आले, आणि दर शनिवार-रविवारचे श्रमदान वर्षानुवर्षे चालत राहिले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांना आपला सर्वोच्च पर्यावरण पुरस्कार दिला. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे निघाली, आणि असे दृश्य तेथे सुमारे दोन दशकांनी दिसले होते.

मुलांनी पाहिलेल्या चित्रफिती बहुधा येथेच संपतात. माझ्या दृष्टीने यापुढचा भाग अधिक मोलाचा आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ही मोहीम काही काळ थांबवावी लागली होती, कारण स्वयंसेवकांना शिवीगाळ होऊ लागली होती आणि गोळा केलेला कचरा वेळेवर हलवला जात नव्हता. शिवाय प्रत्येक भरतीबरोबर समुद्र नवा कचरा आणून टाकत होताच. किनारा कितीही झाडला तरी शहरातील नाले आणि खाड्या जोवर प्लास्टिक ओतत आहेत, तोवर पहिले पाढे पंचावन्न. म्हणूनच ही मंडळी पुढे मिठी नदीकडे वळली आणि नदीकाठच्या फिल्टरपाड्यासारख्या वस्तीत घरोघरी जाऊन कचरा नदीत न टाकता वेगळा कसा ठेवायचा याचे काम त्यांनी हाती घेतले. किनाऱ्यावरून नदीकडे आणि नदीवरून घराच्या उंबरठ्यापर्यंत असे हे काम उलट दिशेने सरकत गेले, आणि आमच्या तलावासाठी वर्सोव्याकडून घ्यायचे असेल तर हेच घ्यावे असे मला वाटते.

आता आमच्या तलावाविषयी. पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, की मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात असलेले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात, सुमारे अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी, कोहळी समाजाच्या लोकांनी यांतील बहुतेक बांधले. जमिनीचा उतार नुसत्या डोळ्यांनी ओळखून त्यांनी मातीच्या पाळी (बांध) घातल्या, सांडव्याचे पाणी खालच्या तलावात किंवा बोडीत (लहान तळ्यात) जाईल अशी साखळी केली आणि धानाची शेती उभी केली. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय याच परंपरेतला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव आज जिल्हा परिषदेकडे आहेत आणि त्याहून मोठे पाटबंधारे विभागाकडे. लोकांचे निस्तारहक्क, म्हणजे रोजच्या गरजांसाठी तलाव वापरण्याचे हक्क, कागदावर राहिले, पण पाळीची माती घसरली तर गावाने जमून ती घालायची, पाटातील गाळ काढायचा, ही रीत मात्र हळूहळू मोडली. तलाव सरकारचा झाला म्हणजे तो आपला उरला नाही, ही समजूत दोन-तीन पिढ्यांत पक्की झाली आणि ती मोडणे हे बेशरम उपटण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

बेशरमाची झाडे विदर्भात कोणाला माहीत नाहीत असे नाही, परंतु ती उपटून पाहिल्याशिवाय त्यांचा चिवटपणा समजत नाही. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातली. जनावरे तिला तोंड लावत नाहीत, पाण्यात आणि कोरड्यात ती सारखीच जगते, आणि तोडलेल्या फांदीचे हातभर कांडे ओल्या चिखलात पडून राहिले तरी त्याला मुळे फुटतात. त्यामुळे नुसती कुऱ्हाड चालवून भागत नाही. पाणी उतरले की चिखलात उभे राहून आधी बुंध्याभोवतीची माती सब्बलीने सैल करायची, मग दोघी-तिघींनी मिळून ते खोड मुळांसकट हलवत हलवत काढायचे, आणि प्रत्येक कांडे वेचून पाळीच्या पलीकडे, पाण्यापासून दूर, उन्हात वाळत घालायचे. खोडातून पांढरा चीक गळतो, तो अंगाला लागला की खाज सुटते. पायांना जळवा लागतात. सकाळी सहाला सुरू केलेले काम दहापर्यंत थांबवावे लागते, कारण मे महिन्यात त्यानंतर तेथे उभे राहणे शक्य नसते. या महिलांच्या मेहनतीला मी श्रमदान म्हणत नाही. ज्यांच्या घरी त्या दिवशीची मजुरी बुडाली तर चुलीवर परिणाम होतो, त्यांनी फुकट राबावे अशी अपेक्षा गावाने धरणे मला न्याय्य वाटत नाही. रोजगार हमी योजनेतून या कामाची मजुरी मिळावी, हा आमचा आग्रह आहे.

मागील वर्षी तलावाचा एक मोठा कोपरा मोकळा झाला, पाणी चकाकू लागले, लोक फोटो काढायला येऊ लागले. त्या वेळी ढिवर वस्तीतील एक आजी पाळीवर बसून बराच वेळ पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "पानी त साफ दिसते गुरुजी, पन मासोरीनं अंडे टाकाचे कोठी?"

त्यांच्या प्रश्नात साऱ्या कामाचे मर्म आहे. मोकळे, निवळ पाणी म्हणजे निरोगी तलाव नव्हे. तलावाच्या उथळ काठाला पाण्याखाली वाढणारी, पानांनी तरंगणारी आणि चिखलात मूळ धरून वर डोकावणारी अशा तीन तऱ्हांच्या वनस्पती लागतात. देशी मासे त्यांच्या आडोशाला अंडी घालतात, पिल्ले तेथेच लपतात, किडे तेथेच वाढतात, आणि त्या सगळ्यांवर बदके, पाणकोंबड्या आणि अखेरीस माणसेही जगतात. बेशरमाने पहिल्यांदा या वनस्पतींची जागा घेतली. त्यानंतर अधिक उत्पादनासाठी रोहू, कतला आणि मृगळ यांचे बीज सोडले जाऊ लागले, आणि काही ठिकाणी पाणवनस्पती खाऊनच वाढणारा परदेशी गवत्या मासाही आला. मरळ, वाम, शिंगाळा यांसारखे मासे आणि बारीक झिंगे कमी होत गेले. रोहू-कतला बाजारात विकले जातात, परंतु या बारीक मासळीवर घरची भाकर चालत होती. तिचा ऱ्हास कोणत्याही हिशेबात दिसत नाही, कारण ती विकली न जाता घरच्या ताटातच जात होती.

या बाबतीत आमच्या भागाला वाट दाखवली ती मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी. त्यांनी ढिवर समाजातील जाणत्या माणसांकडून कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आश्रयाने राहतो याची माहिती गोळा केली, तिला अभ्यासाची जोड दिली आणि त्या समाजाच्या महिलांसोबत अनेक तलावांत प्रत्यक्ष लागवड केली. पद्धत साधी आहे, पण तिला वेळापत्रक आहे. उन्हाळ्यात बेशरम काढायचे, काठाची कोरडी पडलेली जमीन नांगरून भुसभुशीत करायची, पाऊस पडून पाणी चढू लागले की ज्या तलावात या वनस्पती अजून शिल्लक आहेत तेथून रोपे आणायची आणि धानाच्या रोवणीसारखी ती हाताने चिखलात लावायची, आणि मूळ धरेपर्यंत त्या जागी जाळे टाकायचे नाही. शेवटची अट सर्वांत अवघड, कारण ती ज्यांनी पाळायची त्यांचेच पोट त्या जाळ्यावर असते. ती बाहेरून लादता येत नाही. जाळे टाकणाऱ्यांनीच बसून ठरवले तरच ती टिकते.

येथे मला मुलांशी थोडा मतभेद नोंदवावासा वाटतो. त्यांना वाटते की मोठी मोहीम झाली, चार गावांतून माणसे आली, यंत्रे आली की काम होईल. यंत्रांविषयी मी सावध आहे. २०१७ पासून राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू आहे आणि शेतात गाळ टाकल्याचा फायदा अनेक शेतकऱ्यांना झाला आहे. परंतु मातीची यंत्रे थेट काठापर्यंत आणून तलाव सरसकट खोल खणला, तर मासे ज्या उथळ भागात अंडी घालतात तोच नाहीसा होतो. गाळ कोठून काढायचा आणि कोठला तसाच ठेवायचा, हे खणण्याआधी ढिवर मंडळींना विचारले पाहिजे.

विचारणे ही केवळ सभ्यतेची बाब नाही, येथे हक्काचा प्रश्न आहे. तलाव मासेमारीसाठी सहकारी संस्थेला ठेक्याने दिला जातो, आणि आमच्या संस्थेतही सभासद जवळजवळ सगळे पुरुषच आहेत. बेशरम काढणाऱ्या आणि रोपे लावणाऱ्या महिलांना कोणते बीज सोडायचे याबद्दल बोलण्याची जागाच नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यांतील मासे आणि इतर उत्पन्नावरील सामूहिक हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे, पण वनक्षेत्राशी संबंध असलेल्या आमच्याकडच्या अनेक गावांनी तो भाग अजून नीट वाचलेलाही नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाचे उदाहरण आमच्यापासून दूर नाही. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" असे म्हणणाऱ्या त्या गावाने आधी अभ्यासगट बसवले, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय लावून घेतली आणि २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. तेथील जंगल राखले गेले, कारण ते राखणाऱ्यांनाच त्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार होता. वर्सोव्यातील स्वयंसेवकांकडे असा अधिकार नव्हता. तरीही त्यांनी जे करून दाखवले ते थोरच आहे, पण गोळा केलेल्या कचऱ्यासाठी त्यांना दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीची वाट पाहावी लागत होती. गावाला मात्र ग्रामसभा आहे. तिचा वापर न करता नुसते मोठे श्रमदान भरवणे म्हणजे हातातले साधन बाजूला ठेवून कष्ट करणे होय.

कचऱ्याची गोष्ट आमच्याकडे नाही असे कोणी समजू नये. तलावाच्या काठी सर्वांत जास्त सापडते ती खर्ऱ्याची पन्नी. पानठेल्यावर खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, घोटून ज्या पातळ प्लास्टिकमध्ये दिला जातो, तिचे चुरगाळलेले तुकडे पहिल्या पावसात नालीने थेट तलावात येतात. त्यांच्या जोडीला धानावर फवारणीच्या औषधांच्या बाटल्या, ज्या बांधावरच टाकल्या जातात. सांडव्यावरून हे सारे नाल्यात, नाल्यातून गाढवी किंवा चुलबंद नदीत आणि तेथून वैनगंगेत जाते. वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. मुंबईचा समुद्र पश्चिमेला, आमचे पाणी जाते पूर्वेला. पण समुद्र बिघडवण्यात आमचाही वाटा आहेच, आणि वर्सोव्याच्या कोळ्यांच्या जाळ्यात जसे प्लास्टिक येते तसे आंध्रच्या किनाऱ्यावरील कोणा मासेमाराच्या जाळ्यात आमच्या गावचे काही जात नसेल असे म्हणता येणार नाही.

म्हणून यंदा आम्ही कामाचा क्रम बदलला आहे. बेशरम काढणे चालू आहेच, पण त्याबरोबर गावातील तिन्ही पानठेलेवाल्यांशी बोलणी सुरू आहेत. पन्नी परत आणून देणाऱ्याकडून थोडे कमी पैसे घेण्यास एक जण तयार झाला आहे, दोघे अजून नाहीत. औषधांच्या रिकाम्या बाटल्यांसाठी कृषी केंद्रवाल्याने दुकानाबाहेर ड्रम ठेवला आहे. येत्या ग्रामसभेत दोन ठराव मांडायचे आहेत. गवत्या मासा तलावात सोडू नये हा पहिला, आणि मच्छीमार संस्थेत लागवडीच्या कामातील महिलांना सभासद करून घ्यावे हा दुसरा. दुसऱ्या ठरावाला विरोध होईल हे दिसते आहे. त्या महिलांनी मात्र सभेला एकत्र जायचे आणि प्रत्येकीने स्वतः बोलायचे असे ठरवले आहे.

वाचकांना एक विनंती आहे. साकोली, लाखांदूर, सडक अर्जुनी किंवा आमच्याच तालुक्यातील आपल्या गावच्या तलावात देवधान (पाण्यात उगवणारे रानटी धान), कमळ किंवा पाण्याखालच्या जुन्या वनस्पती अजून चांगल्या शिल्लक असतील, तर कृपया कळवा. मृग लागल्यानंतर, पाणी गुडघाभर चढले की, आमच्या गावच्या महिला रोपे न्यायला येतील. तुमच्या गावातील ढिवर मंडळींची आधी परवानगी घेऊन, आणि जेथे दाटी आहे तेथूनच विरळणी करून.