तुम्ही विचारलंत म्हणून: दक्षिण चीन समुद्रात युद्ध होणार का?

सुट्टीवर घरी आलो की हा प्रश्न ठरलेला. लग्नात कोणी भेटतं, बँकेत कोणी ओळखतं, "अहो तुमचं जहाज त्या चीनच्या समुद्रातून जातं ना, तिकडे युद्ध होणार का हो?" आणि ज्यांचा मुलगा नुकताच मर्चंट नेव्हीच्या कोर्सला लागलाय ते आईवडील हाच प्रश्न जरा बाजूला घेऊन विचारतात, त्यांना खरं काय विचारायचंय ते मला कळतं. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर दरवेळी अर्धवट राहतं म्हणून आता बसून लिहितोय.

आधी आईवडिलांसाठी, कारण त्यांना ताटकळत ठेवणं बरोबर नाही. व्यापारी जहाजाला तिकडे कोणी अडवत नाही. सिंगापूर सोडून हाँगकाँग-शांघायकडे निघालो की मुख्य रस्ता पॅरासेल बेटं डाव्या हाताला आणि मॅकल्सफील्ड बँक (बँक म्हणजे समुद्राचा उथळ भाग) उजव्या हाताला ठेवून वर जातो, स्प्रॅटली बेटांचा सगळा पसारा त्याआधीच उजवीकडे लांब राहिलेला असतो, चार्टवर तिथे 'डेंजरस ग्राउंड' असं छापलेलंच आहे, खडक आणि उथळ पाणी, कोणी शहाणा कप्तान मोठं जहाज त्यात घालत नाही. म्हणजे टीव्हीवर जी बेटं तुम्हाला दिसतात ती आम्हाला दिसतच नाहीत. रात्री बारा ते चारच्या पहाऱ्याला दिसतात ते मासेमारी बोटींचे दिवे, कधी शेकड्याने, आणि सगळं लक्ष त्यांच्या जाळ्यांतून वाट काढण्यात जातं. मधूनमधून वॉर्निंग येते की अमुक ते अमुक अक्षांश-रेखांशात फायरिंगचा सराव आहे, लांब रहा, आम्ही चार्टवर चौकोन काढतो आणि वळसा घालतो. जगाच्या समुद्री व्यापाराचा साधारण तिसरा हिस्सा या पाण्यातून जातो आणि त्यात चीनचा स्वतःचा माल आणि स्वतःचं तेल भरपूर आहे, त्यामुळे हा रस्ता बंद करून चीनचंच सगळ्यात आधी वाटोळं होईल. 2023 च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर जे हल्ले सुरू झाले, माणसं मेली, तो धोका आमच्यासाठी कितीतरी जास्त खरा होता. तेव्हा पाठवा मुलाला.

पण बाकीच्यांना मला वेगळं सांगायचंय. "युद्ध होणार का" असं विचारताना आपण धरूनच चालतो की अजून काही झालेलं नाही, आता जे होईल ते पुढे. बरंच काही होऊन गेलंय. चीन जवळजवळ हा सगळा समुद्र आपला म्हणतो, आणि व्हिएतनाम, फिलिपाइन्सही त्यातल्या बेटांवर हक्क सांगतात. 1974 च्या जानेवारीत चीनने दक्षिण व्हिएतनामशी लढून पॅरासेलचा पश्चिमेचा भाग घेतला. 1988 च्या 14 मार्चला स्प्रॅटलीतल्या जॉन्सन साउथ रीफवर (रीफ म्हणजे प्रवाळाचा खडक) चीनशी झालेल्या चकमकीत व्हिएतनामचे 64 सैनिक मारले गेले. 1995 मध्ये स्प्रॅटलीतल्याच मिस्चीफ रीफवर खांबांवर उभ्या केलेल्या खोपट्या दिसल्या, फिलिपाइन्सने विचारलं हे काय, तर चीन म्हणाला आमच्या मच्छीमारांना आसरा. आज त्याच रीफवर अडीच किलोमीटरहून लांब धावपट्टी आहे, विमानांचे हँगर आहेत, रडार आहेत. 2012 मध्ये फिलिपाइन्सजवळच्या स्कारबरो शोल या खडकापाशी चीन आणि फिलिपाइन्सची जहाजं एप्रिलपासून समोरासमोर उभी राहिली, जूनमध्ये हवा बिघडली तेव्हा फिलिपाइन्सने आपली मागे घेतली, चीनची तिथेच राहिली, ती आजवर. शेजारी दरवर्षी वीतभर बांध कोरत जातो आणि एका वर्षाच्या वीतभरासाठी कोर्टात कोण जाणार म्हणून आपण गप्प बसतो, तसं हे चाललंय, फक्त इथे बांध समुद्रात आहे आणि कोरणाऱ्याकडे जगातलं सगळ्यात जास्त जहाजांचं नौदल आहे.

बेटं बांधायचं प्रकरण तर माझ्यासारख्या माणसाला आतून त्रास देतं. 2013 च्या शेवटापासून दोन-अडीच वर्षांत चीनने स्प्रॅटलीतल्या सात खडकांवर मिळून सुमारे 3,200 एकर जमीन तयार केली. कशी, तर ड्रेजरने आजूबाजूचा समुद्राचा तळ कापून वाळू आणि प्रवाळाचा चुरा पाइपाने खडकावर ओतायचा, जिवंत प्रवाळ खाली गाडला जातो आणि आसपासचं पाणी मैलोन्‌मैल गढूळ होतं. जे वाढायला हजारो वर्षं लागतात त्यावर काँक्रीट. 2015 च्या सप्टेंबरात शी जिनपिंग व्हाइट हाउसमध्ये उभं राहून म्हणाले की या बेटांचं लष्करीकरण करायचा आमचा इरादा नाही. आता फायरी क्रॉस, सुबी आणि मिस्चीफ या तिन्हींवर लढाऊ विमानं उतरतील अशा धावपट्ट्या आहेत.

हे सगळं मासे आणि तेल-गॅससाठीच चाललंय असं बरेच जण म्हणतात, ते आहेच, पण लष्करी कारण त्याहून मोठं आहे असं माझं मत. हैनान बेटाच्या दक्षिण टोकाला युलिनचा तळ आहे, तिथे चीनच्या अण्वस्त्रं वाहणाऱ्या पाणबुड्या असतात आणि त्यांना लपायला खोल पाणी हवं, वरून कोणी टेहळणी करायला नको. म्हणून भोवतालचा समुद्र आपल्या मुठीत हवा. मग समोरूनही तयारी होते. फिलिपाइन्सने 2023 मध्ये अमेरिकेला आणखी चार तळ वापरायला दिले, एकूण नऊ झाले, 2024 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने फिलिपाइन्सच्याच लुझॉन बेटाच्या उत्तरेला टायफॉन क्षेपणास्त्रांचे लाँचर आणले ते पुढे त्या बेटावरच ठेवले, आणि त्याच महिन्यात आपल्याकडून फिलिपाइन्सला ब्राह्मोसची पहिली खेप गेली, सुमारे 37.5 कोटी डॉलरचा 2022 चा करार. आपल्या लोकांना ब्राह्मोसची बातमी आवडते, मलाही बरं वाटलं होतं. पण ब्राह्मोस डागायची वेळ आली तर ते युद्धच असेल, आणि वॉटर कॅननचा फवारा मारणाऱ्या कोस्ट गार्डच्या जहाजावर कोणी क्षेपणास्त्र सोडत नाही. चीनने हे बरोबर ओळखलंय. नौदल मागे क्षितिजावर, पुढे पांढरी कोस्ट गार्डची जहाजं, आणि सगळ्यात पुढे मासेमारी बोटी ज्यांतल्या बऱ्याच मासे धरतच नाहीत, नुसत्या एकमेकींना बांधून महिनोन्‌महिने उभ्या असतात.

आता मला जे खरं सांगायचंय ते. 2019 च्या 9 जूनला रीड बँकजवळ मध्यरात्रीच्या सुमारास फिलिपाइन्सची जेम-व्हेर नावाची लाकडी मासेमारी बोट नांगरून उभी होती, एका चिनी जहाजाने तिला धडक दिली, बोट पाण्याने भरली आणि 22 माणसं समुद्रात. धडक देणारं जहाज निघून गेलं. अपघात होता का मुद्दाम होतं यावर पुढे खूप वाद झाला आणि मी त्यात पडत नाही, कारण आमच्या धंद्यात त्याच्याही आधीचा एक नियम आहे. पाण्यात माणूस दिसला की थांबायचं. तो कुठल्या देशाचा, चूक कोणाची, माल किती उशिरा पोचेल, यातलं काही विचारायचं नाही. कायद्यात लिहिलंय म्हणून नाही, तसं ते लिहिलेलंही आहे, पण उद्या पाण्यात आपण असू. त्या 22 जणांना शेवटी कोणी उचललं? एका व्हिएतनामी मासेमारी बोटीने. ज्या व्हिएतनामचा फिलिपाइन्सशी त्याच बेटांवरून वाद आहे त्यातल्या साध्या मच्छीमारांनी. मी ही गोष्ट जहाजावर नवीन कॅडेट आला की त्याला सांगतोच.

आपल्या लोकांना हे लांबचं वाटू नये. पालघर-डहाणूकडचे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात, खोल समुद्रात सीमारेषा काही आखलेली नसते, पाकिस्तानवाले पकडतात आणि मग वर्षानुवर्षं कराचीच्या तुरुंगात. 2021 च्या नोव्हेंबरात तर आपल्याकडचा एक जण त्यांच्या गोळीबारात गेला. सर क्रीकचा वाद दिल्ली आणि इस्लामाबादचा, घरी वाट बघणारी बाई पालघरची. तिकडे फिलिपाइन्समध्ये मासिनलोक नावाचं गाव लुझॉनच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, तिथल्या बोटी पिढ्यान्‌पिढ्या स्कारबरोला जायच्या, सुमारे 120 सागरी मैल, वादळ आलं तर त्या खडकांच्या आतल्या शांत पाण्यात शिरायच्या. आता चिनी जहाजं तोंडावर उभी असतात, कधी दोर टाकून वाट बंद, कधी पाण्याचा मारा. लाकडी, तोल सांभाळायला दोन्ही बाजूंना दांडे लावलेल्या बोटीवर वॉटर कॅनन म्हणजे काय ते व्हिडिओत बघून कळत नाही.

सेकंड थॉमस शोल या स्प्रॅटलीतल्या खडकाचंही सांगतो. तिथे फिलिपाइन्सने 1999 मध्ये सिएरा माद्रे नावाचं आपलं जुनं जहाज मुद्दाम खडकावर चढवून ठेवलं, 1944 साली अमेरिकेत बांधलेलं, शंभर मीटर लांब, आणि त्यात आजही मूठभर मरीन राहतात, कारण माणसं आहेत तोवर जागा आपली. आम्ही चालत्या जहाजावर रोज गंज खरवडून रंग मारतो तरी खाऱ्या हवेत गंज पाठ सोडत नाही, तिथे तर भोकं पडलेल्या पत्र्यांत माणसं झोपतात. त्यांना रसद न्यायची म्हणजे दरवेळी झुंज. 2024 च्या 17 जूनला चिनी कोस्ट गार्डचे लोक चाकू-कुऱ्हाडी घेऊन फिलिपिनो नौदलाच्या रबरी बोटींवर आले, बोटी फाडल्या, आणि त्यात एका नौसैनिकाचा अंगठा तुटला. त्याच्या थोडेच दिवस आधी, 31 मे ला, राष्ट्राध्यक्ष मार्कोस सिंगापूरमध्ये म्हणाले होते की आमचा माणूस मुद्दाम मारला गेला तर ते युद्धाच्या अगदी जवळचं समजू, आणि अमेरिकेशी 1951 चा संरक्षण करार आहेच. म्हणजे त्या दिवशी अंगठ्याऐवजी जीव गेला असता तर काय, हा विचार करा. जुलैत दोन्ही देशांत रसदीपुरता समझोता झाला, तो टिकावा असं मनापासून वाटतं. पण मग 2025 च्या 11 ऑगस्टला स्कारबरोजवळ फिलिपाइन्सच्या कोस्ट गार्डच्या बोटीचा पाठलाग करता करता चीनची विनाशिका आणि चीनच्याच कोस्ट गार्डचं जहाज एकमेकांवर आदळलं, कोस्ट गार्डच्या जहाजाचा पुढचा भाग अक्षरशः चेपला. ज्या फिलिपिनो बोटीचा पाठलाग चालला होता तिने रेडिओवरून मदत हवी का असं विचारलं. मला विचाराल तर खलाशी असाच असावा.

तर युद्ध होईल का? ठरवून होईल असं मला वाटत नाही, कोणालाच ते परवडणारं नाही. पण दोन जहाजं पन्नास मीटरवर एकमेकांना कट मारतायत, दोन्हीकडे तरुण पोरं, वरून हुकूम की मागे हटायचं नाही, तिथे एक चुकीचं सुकाणू पुरतं. मला भीती आहे ती याची.

कायदा काय म्हणतो हेही लोक विचारतात. फिलिपाइन्स 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराखाली लवादाकडे गेलं, 2016 च्या 12 जुलैला निकाल लागला की चीनने नकाशावर तुटक रेघा काढून त्यांच्या आतल्या समुद्रावर ऐतिहासिक हक्क सांगायला कायद्याचा आधार नाही. चीन सुनावणीलाच गेला नाही आणि निकाल रद्दबातल म्हणाला, स्वतः 1996 मध्ये त्याच करारावर मान्यतेची सही केलेली असून. दुसरी बाजू पण सांगितली पाहिजे, त्या कराराचा सगळ्यात जास्त हवाला देणाऱ्या अमेरिकेने त्याला अजून मान्यता दिलेली नाही, आणि व्हिएतनामनेही 2021 पासून स्प्रॅटलीत जोरात भराव घातलाय, तिथलाही प्रवाळ तितकाच मेला. मोठा देश म्हटला की निकाल धाब्यावर बसवणारच असं लोक म्हणतात ते मला पटत नाही. 2014 च्या 7 जुलैला याच कराराखालच्या लवादाने बंगालच्या उपसागरातल्या सुमारे 25,600 चौरस किलोमीटर वादग्रस्त पाण्यातलं साधारण 19,500 बांगलादेशला दिलं. आपण मोठे, आपलं नौदल मोठं, तरी भारताने तो निकाल मानला. टीव्हीवर त्याची फारशी चर्चा कोणी केली नाही, पण मला आपल्या देशाचा अभिमान वाटतो अशा गोष्टींत हे फार वर आहे.

सध्या आसियान (आग्नेय आशियातल्या देशांची संघटना) आणि चीन यांच्यात या समुद्रातल्या आचारसंहितेची बोलणी चालू आहेत, 2002 च्या जाहीरनाम्यापासून ते घोंगडं भिजत पडलंय, 2026 पर्यंत पूर्ण करायचं ठरलंय. मला त्यात एकच ओळ हवी आहे. 2016 च्या निकालात स्कारबरो कोणाचं हे लवादाने ठरवलंच नव्हतं, तो अधिकारच त्याच्याकडे नव्हता, पण तिथे फिलिपिनो, चिनी, व्हिएतनामी सगळ्याच पारंपरिक मच्छीमारांनी पूर्वापार मासे धरलेत हे मान्य केलं होतं. मालकीचा वाद चालायचा तितकी वर्षं चालू दे. लहान बोटींना आत जाऊ द्यायला त्याचा निकाल लागायची गरज नाही, त्याला नवीन जहाज लागत नाही की क्षेपणास्त्र लागत नाही, तोंडावरचा दोर काढायचा हुकूम लागतो. उलट 2025 च्या सप्टेंबरात चीनने तिथे निसर्ग राखीव क्षेत्र जाहीर केलं, सात खडकांवर काँक्रीट ओतून झाल्यावर. म्हणून पुढच्या वेळी बातम्या बघताना विमानवाहू जहाजं कुठे पोचली ते बघाच, पण मासिनलोकच्या बोटी स्कारबरोच्या आत जाऊन मासे घेऊन आल्या का तेही शोधा, आणि कळलं तर मला जरूर कळवा, मी समुद्रावर असलो तरी मेसेज पोचतो.