तुम्ही विचारलंत म्हणून: नोटेशन न येता गाणी करता येतात का?

पेटीच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच. चाल सुचते, दिवसभर डोक्यात घोळते, पण कागदावर उतरवता येत नाही. मग वर्ग सुटल्यावर दाराशी थांबून हळूच विचारणं, "सर, मला जमेल का हो?" मी अमेरिकेतला गाजलेला गीतकार-संगीतकार आयर्विंग बर्लिन याचं नाव घेतो आणि तेवढ्यात पुढची तुकडी येते. आज नीट सांगतो.

बर्लिनला आयुष्यभर नोटेशन वाचता आलं नाही. पियानोवर तो मुख्यतः काळ्या पट्ट्यांवर वाजवायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याला एकाच सुरात वाजवता येत होतं, काळी तीन, म्हणजे सप्तकातली तिसरी काळी पट्टी 'सा' धरून. (तिथून नुसत्या काळ्या पट्ट्या वाजवून बघा, भूप राग हाती लागतो.) मग दुसऱ्या सुरात गाणं हवं असेल तर? त्याच्याकडे खास पियानो होता. दांडा सरकवला की बोटं काळी तीनवरच राहायची आणि सूर बदलायचा. आपली स्केल चेंजर पेटी तरी वेगळं काय करते? तो त्या पियानोला लाडानं 'ब्यूक' म्हणायचा, मोटारीसारखं.

आता हे वाचून शिकणं सोडू नका. त्याचा कान कुठे तयार झाला ते आधी ऐका. 1888 साली रशियन साम्राज्यातल्या ज्यू घरात जन्म, 1893 मध्ये कुटुंबासोबत न्यूयॉर्कला. वडील सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारे. घरात ज्यूंची यिडिश भाषा, दाराबाहेर इंग्रजी. 1901 मध्ये वडील गेले. पोरगा घर सोडून न्यूयॉर्कच्या बॉवरी भागातल्या दारूच्या गुत्त्यांत गाऊन चिल्लर गोळा करू लागला. पुढे चायनाटाउनमधल्या कॅफेत गाणारा वेटर झाला. कोणत्या ओळीला लोक मान वर करतात आणि कोणत्या ओळीला पुन्हा ग्लासाकडे वळतात, हे रोज रात्री समोर दिसायचं. याहून कडक गुरुकुल मला माहीत नाही.

शेजारच्या कॅफेतल्या लोकांचं गाणं छापून आलं, म्हणून मालकानं यालाही लिहायला लावलं. 1907 सालचं ते पहिलं गाणं. शब्द याचे, चाल दुसऱ्याची, वाट्याला आले 37 सेंट. छापील प्रतीवर नाव आलं 'आय. बर्लिन'. मूळचा इस्रायल बेलिन तेव्हापासून बर्लिन झाला. 1911 मध्ये 'अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड' जगभर गाजलं. रॅगटाइम ही तालाशी खेळणारी शैली मात्र कृष्णवर्णीय वादकांनी घडवलेली, ते ऋण विसरून चालणार नाही.

1912 मध्ये लग्नानंतर पाच-सहा महिन्यांतच त्याची बायको डोरोथी टायफॉइडनं गेली. तोवर त्याची ओळख चटपटीत गाण्यांची होती. त्या दुःखातून त्यानं जे संथ गाणं लिहिलं, त्यानंतर लोक त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघू लागले. मला तो खरा गीतकार तिथून वाटतो.

आणि घाई नाही! 1918 मध्ये सैन्यात असताना केलेलं 'गॉड ब्लेस अमेरिका' त्यानं बाजूला ठेवून दिलं. 1938 मध्ये बाहेर काढलं, शब्द बदलले, मग गायिका केट स्मिथनं ते रेडिओवर गायलं. त्याचं मानधन त्यानं स्काउट आणि गर्ल स्काउट संघटनांना देऊन टाकलं. 'व्हाइट ख्रिसमस' नंतरचं, 1942 च्या चित्रपटातलं. 1989 मध्ये तो वारला तेव्हा वय 101 होतं.

नोटेशनचं काय केलं? पगारी माणूस ठेवला. बर्लिन गायचा, वाजवायचा, तो माणूस उतरवून घ्यायचा. सोबतचे स्वरमेळ वाजवून दाखवायचा आणि हवा तो सापडेपर्यंत बर्लिन नको-नको म्हणत राहायचा. काय हवं ते त्याला नेमकं ऐकू येत होतं. लिहिणारा मिळतो हो, पण हे ऐकणं दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

तेव्हा परवा जिन्यात गुणगुणत होतात ती चाल पुढच्या मंगळवारी मोबाईलवर रेकॉर्ड करून आणा. उतरवून मी देतो. कोणत्याही पट्टीत असू दे.