पिशवीचं तोंड

सकाळी सात वाजता ड्यूटीवर आले तेव्हा अर्चना पलंगावर उठून बसली होती. वेणी घातलेली, गाऊनवर ओढणी, लघवीची युरोबॅग दांडीला नीट अडकवलेली. ऑपरेशनचा बारावा दिवस. आज तिची लघवीची नळी काढायची होती आणि पॅथॉलॉजीचा शेवटचा रिपोर्टही आजच यायचा होता.

अर्चना हे तिचं खरं नाव नाही. वय २६, बीड जिल्ह्यातली, दहावी झालेली. लग्नाला पाच वर्षं, एकदा तिसऱ्या महिन्यात पोट पडलेलं, त्यानंतर दिवस राहिले नव्हते. नवरा साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर. सासू-सासऱ्यांनी आयुष्यभर ऊसतोडीला कोयता म्हणून, म्हणजे नवरा-बायकोची जोडी म्हणून, जाऊन हाडं झिजवलेली. मी पुण्यातल्या एका रुग्णालयात स्त्रियांच्या कॅन्सर वॉर्डात सोळा वर्षं स्टाफ नर्स आहे. इतक्या वर्षांत गर्भाशय काढलेल्या शेकडो बायकांची ड्रेसिंगं केली. पिशवी ठेवून नुसतं पिशवीचं तोंड काढलेल्या बायका मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच पाहिल्या.

तिला आठ महिने संबंधानंतर अंगावरून लाल जात होतं. गावाकडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी केली आणि "पिशवी खराब झालीय, काढून टाका" म्हणून थेट ऑपरेशनची तारीख दिली. तपासणीचा तुकडा कुणी घेतलाच नव्हता. गावातली आशाताई अडून बसली, "आधी जिल्ह्याला दाखवू", म्हणून ती बायोप्सीपर्यंत पोचली आणि पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा, कॅन्सर असल्याचं कळलं. हे मी मुद्दाम लिहितेय. आत कॅन्सर आहे हे न कळता साधं गर्भाशय काढलं, तर ते ऑपरेशन अपुरं पडतं. आजूबाजूचा भाग आणि लसिकाग्रंथी, म्हणजे कॅन्सर पसरू शकतो त्या छोट्या गाठी, मागेच राहतात. मग पुन्हा ऑपरेशन किंवा रेडिएशन. तिची पिशवीही गेली असती आणि आजारही राहिला असता.

एमआरआयमध्ये गाठ दीड सेंटिमीटरची निघाली. दोन सेंटिमीटरच्या आतली, गर्भाशयमुखापुरतीच. वय लहान, मूल नाही. म्हणून ऑपरेशन करणाऱ्या आमच्या मॅडमनी रॅडिकल ट्रॅकेलेक्टॉमीचा विषय काढला. यात गर्भाशयाचं मुख, त्याच्या भोवतीचा भाग आणि योनीचा वरचा थोडा भाग काढतात, लसिकाग्रंथी काढून तपासतात आणि वरचं गर्भाशय खाली योनीला पुन्हा जोडून देतात. बीजकोश जागच्या जागी राहतात. दान्येल दार्जां या फ्रेंच सर्जनने १९९४ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. त्यांनी ती खालून, योनीमार्गे केली होती, अर्चनाची मात्र पोटावर छेद घेऊन झाली. २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास आला. त्यात या आजाराचं गर्भाशय दुर्बिणीतून काढलेल्या बायकांमध्ये कॅन्सर उलटण्याचं प्रमाण पोट उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा जास्त निघालं. तेव्हापासून आमच्याकडे या बाबतीत कुणी छोट्या छेदाचा हट्ट धरत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी तिची तयारी करत होते. सही झाली होती. ग्रंथींमध्ये आजार सापडला तर पिशवी वाचवण्याचा बेत सोडून द्यावा लागेल, हे तिला सांगून झालं होतं. ती हळूच म्हणाली, "सिस्टर, मला परत दिवस जातील का?"

मी म्हणाले, "आधी जीव वाचू दे, मग लेकराचं बघू." आणि सलाईन लावायला शेजारच्या पलंगाकडे गेले.

हे वाक्य मी किती जणींना म्हटलं असेल त्याची गणती नाही. वाईट हेतूने कधीच म्हटलं नाही. पण त्या दिवसानंतर अर्चनाने मला काही विचारलंच नाही. नळीबद्दल नाही, टाक्यांबद्दल नाही. नुसतं "हो सिस्टर, बरं सिस्टर". बाईचं बोलणं बंद झालं की वॉर्डात सगळं शांत वाटतं, आणि ती शांतता मला बरी वाटली याची आज खंत आहे.

बाराव्या दिवशी साडेसातला नळीच्या आतल्या टोकाच्या फुग्यातलं पाणी सिरिंजने ओढून घेतलं आणि नळी काढली. हा तिचा दुसरा प्रयत्न. या ऑपरेशनमध्ये मूत्राशयाकडे जाणाऱ्या बारीक नसांना धक्का लागतो. लघवी साठते, पण लागल्याचं कळत नाही. झाली तरी पूर्ण होत नाही. नवव्या दिवशी नळी काढली तेव्हा लघवीनंतर आत २४० मिलिलीटर उरलं होतं, म्हणून पुन्हा नळी घालावी लागली होती. त्या रात्री ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

"लागायची वाट बघू नकोस," मी सांगितलं. "घड्याळ बघायचं. दर तीन तासांनी जायचं. बसल्यावर पुढे वाकायचं, घाई करायची नाही. झाली असं वाटलं की उभं राहायचं, दोन मिनिटांनी परत बसायचं."

साडेदहाला ती बाथरूममध्ये गेली. सासू दाराबाहेर उभी, मी मोजायचा जग हातात देऊन बाजूला. बराच वेळ काहीच आवाज नाही. मग सासूने न सांगता शेजारच्या बेसिनचा नळ बारीक सोडला, लहान पोराला मुतायला बसवताना सोडतात तसा. थोड्या वेळाने अर्चना जग घेऊन बाहेर आली. दोन्ही हातांनी धरलेला, जणू सांडला तर मोजमाप चुकेल. २८० मिलिलीटर. लगेच पोटावरून मशीनने पाहिलं, आत ६० उरलं होतं. आमच्याकडे शंभरच्या आत आलं की नळीची गरज नाही. मी आकडा सांगितला तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

आकडा चार्टवर लिहायला मी कागद उलटला. आपला चार्ट ती स्वतःच लिहायची, किती पाणी प्यायलं, किती लघवी झाली, सगळं सुवाच्य. मागच्या बाजूला तिने राऊंडला विचारायचे प्रश्न लिहिले होते. टाके कधी काढणार. जिना चढला तर चालेल का. तिसरी ओळ पेनने इतकी गच्च खोडली होती की कागद फाटायला आला होता. ती ओळ वाचायची मला गरज नव्हती.

मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. म्हटलं, "त्या दिवशी तू विचारलंस ते मी टाळलं. माझं चुकलं. रिपोर्ट आला की मॅडमच्या समोर तोच प्रश्न पहिला विचारायचा. मी थांबते."

रिपोर्ट दुपारी पावणेदोनला आला. काढलेल्या २२ ग्रंथींपैकी एकीतही आजार नाही. गाठीच्या वर १२ मिलिमीटर निरोगी भाग, कड स्वच्छ. म्हणजे किमो नको, रेडिएशन नको. रेडिएशन लागलं असतं तर बीजकोश आणि पिशवी दोन्ही निकामी झाली असती.

मॅडमनी तिघांना बसवलं, नवरा, सासू आणि ती. नवरा हात जोडून उभाच राहिला, त्याला बसायला तीनदा सांगावं लागलं. अर्चनाने विचारलं. आवाज नीट फुटला नाही, पण विचारलं.

मॅडमनी काही लपवलं नाही, काही फुगवलंही नाही. दिवस राहू शकतात. पण निदान वर्षभर थांबायचं, आणि दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणीला यायचंच. नवं तोंड कधी कधी आकसतं, मग पाळीचं रक्त अडून पोटात कळा येतात, तसं झालं तर लगेच यायचं. दिवस राहायला मदत लागू शकते. राहिले तरी चौथ्या-पाचव्या महिन्यात पडण्याची आणि वेळेआधी बाळंत होण्याची भीती इतर बायकांपेक्षा जास्त. म्हणून नाव घालायचं ते कमी दिवसांच्या बाळांची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यातच. आणि बाळंतपण सिझेरियननेच, कळा येऊ द्यायच्या नाहीत.

सासू इतका वेळ पदराचं टोक चोळत बसली होती. ती म्हणाली, "म्याडम, एक इचारू का? पोत्याचं तोंडच कापून टाकलं तर आत माल ऱ्हाईल कसा? लेकरू खाली घसरंल की."

खोलीत बसलेल्या कुणालाही याहून नेमका प्रश्न सुचला नसता. अडचण तिथेच तर आहे. मॅडम तिच्याकडे वळून म्हणाल्या, "मावशी, बरोबर बोललात. म्हणून पिशवीच्या खालच्या बाजूला आम्ही न विरघळणारा पक्का दोरा बांधून ठेवलाय. पाळी जाईल एवढीच वाट ठेवलीय."

"म्हंजी दाभणानं शिवलंय. सुतळीनं."

"तसंच समजा. म्हणूनच बाळ खालून येणार नाही, पोटातूनच काढायचं."

"आन् सुतळी तुटली तर?"

"तुटू शकते, मांसात रुतू शकते. म्हणून दिवस राहिले की लवकर यायचं, आम्ही बघत राहू."

सासूने मान डोलावली. बारा दिवस डॉक्टर वहीवर चित्रं काढून समजावत होते, ते त्या बाईने पोत्यावरून पाच मिनिटांत समजून घेतलं. त्यानंतर वॉर्डात ती दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकांनाही हेच सांगत होती.

सुट्टीचे कागद करायला चार वाजले. योजनेच्या फायलीवर सह्या चालल्या होत्या. सासू माझ्या टेबलापाशी आली आणि बाकड्यावर टेकली.

"माझी तिसाव्या वर्षी काहाडली," ती म्हणाली. "पांढरं जायचं. डाक्टर म्हनला, न्हाई काहाडली तर क्यान्सर हुईल. मुकादमाकडनं उचल घेतली आन् केलं आपरेशन. दोन म्हैन्यात परत फडात. मोळी डोक्यावं घेतली की पोटात आग व्हायची. तवापासनं अंगाची लाही लाही."

बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला होता. समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, आणि त्यातल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. पाळीचे चार दिवस कामावर गेलं नाही तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. त्यात कॅन्सरची भीती घातली की बाई स्वतःच टेबलावर जाऊन झोपते. बातम्या मी तेव्हा वाचल्या होत्या. त्यातली एक बाई आता समोर बसली होती.

"मला सांगा सिस्टर," ती म्हणाली, "हिला खरा क्यान्सर हुता तरी हिची ठिवली. मंग माझ्यात काय हुतं? माझी तपासली का कुनी?"

मी विचारलं, "तुकडा तपासल्याचा काही कागद दिला होता?"

"कागद कसला? बादलीत दाखिवली. ही बघा म्हनले, सडलीया."

मी तिचा हात धरला. दुसरं काही करता आलं नाही. पांढरं जाणं म्हणजे अनेकदा जंतुसंसर्ग, औषधाने बरा होणारा, हे मला माहीत आहे. तिच्या पिशवीत काय होतं हे आता कुणीच सांगू शकणार नाही. तरी तिची हाडं आणि रक्त तपासायला आमच्या ओपीडीत तिच्या नावाचा केसपेपर काढून दिला. ती म्हणाली, "माझं कशाला?" मी म्हटलं, "तुमचंच." तिने तो घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

जाताना अर्चनाने कपड्यांची पिशवी उचलायला हात घातला तशी सासूने ती हिसकावून घेतली. "वझं उचलू नगं म्हनलंय ना? ध्यान ऱ्हाईना व्हय?" आणि स्वतः दोन्ही पिशव्या घेऊन लिफ्टकडे चालू लागली.

सहा आठवड्यांनी दोघी तपासणीला आल्या. दोघींचे केसपेपर एकात एक घातलेले. अर्चनाने चार्टच्याच पद्धतीने एका वहीत रेघा मारून आणल्या होत्या. लघवीच्या वेळा, वजन, आणि एका तारखेपुढे लाल पेनने: "पाळी आली. चार दिवस. दुखलं नाही." त्याखाली तिने पुढच्या अकरा महिन्यांचे रकाने आखून ठेवले होते.