16 आकडे

काल रात्रीचं आज लिहून ठेवतेय, डोक्यात ताजं आहे तोवर.

ऑफिसातल्या मैत्रिणीला माझी झिगबी टू एमक्यूटीटीची, म्हणजे घरातले वायरलेस स्विच आणि सेन्सर सांभाळणाऱ्या प्रोग्रामची, कॉन्फिगरेशन (सेटिंगची) फाईल बघायची होती. नेटवर्क की, म्हणजे ही सगळी डिव्हाइस ज्यावर एकमेकांशी बोलतात तो गुप्त आकडा, कुणाला द्यायची नसते म्हणून मी ती खोडून तिथे जनरेट (नवी बनव) असं लिहिलं, तिला फाईल पाठवली, आणि तीच फाईल हा प्रोग्राम चालवणाऱ्या घरच्या छोट्या कॉम्प्युटरवर, रास्पबेरी पायवरही सेव्ह झाली हे लक्षातच आलं नाही. रात्री साडेदहाला रीस्टार्ट केलं तर होम असिस्टंटमध्ये, म्हणजे सगळं घर जिथून दिसतं त्या अ‍ॅपमध्ये, 23 च्या 23 डिव्हाइस अनअव्हेलेबल. फाईल उघडली तर जनरेटच्या जागी नवीकोरी की येऊन बसलेली, जुनी कुठेच नाही.

पोटात गोळाच आला. भिंतीवरची बटणं चालू होती, बोर्डामागचे रिले (दिवे चालू-बंद करणारे छोटे वायरलेस स्विच) बटणाचं ऐकतातच, पण पॅसेजमधला दिवा मोशन सेन्सरवर आहे, आई रात्री दोनदा उठते आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिने अंधारात भिंत चाचपडत जायला नको म्हणून तर हे सगळं मी घरात बसवलं. तिच्या उशाशी टॉर्च ठेवली. "झोप गं आता, सकाळी बघ," म्हणाली. झोप कसली लागतेय.

प्रोग्रामच्या लॉगमध्ये लिहिलं होतं की कॉन्फिगरेशन आणि अ‍ॅडॉप्टर (डिव्हाइसशी रेडिओवर बोलणारी यूएसबी स्टिक) जुळत नाहीत, नेटवर्क नव्याने बनवायचं असेल तर कोऑर्डिनेटर बॅकअपची फाईल (त्याच स्टिकच्या नेटवर्कची जपून ठेवलेली प्रत) काढून टाका, मात्र सगळी डिव्हाइस परत पेअर करावी, म्हणजे एकेक करून नव्याने जोडावी लागतील. परत पेअर म्हणजे प्रत्येक स्विचबोर्ड उघडायचा, मेन बंद करून. मी ती फाईल डिलीट करायला निघालेच होते, मग वाटलं आधी आत काय आहे ते तरी बघू, आणि जुनी की तिथेच होती! माझ्या सीसी2652 चिपच्या त्या स्टिकमध्येही अजून जुनंच नेटवर्क होतं, प्रोग्राम सुरू व्हायला अडून बसला म्हणून ते शाबूत राहिलं, नाहीतर त्याच्यावर नवं लिहिलं गेलं असतं. त्या अडून बसण्याचे मी मनापासून आभार मानले.

बॅकअपमध्ये की हेक्समध्ये (0 ते 9 आणि ए ते एफ वापरून 16 च्या पटीत लिहिलेली) असते, सलग 32 अक्षरं, आणि माझ्या फाईलमध्ये 16 वेगळे आकडे लागतात, म्हणजे दोन-दोन अक्षरांची जोडी घ्यायची, ई7 चे 231 असं करत जायचं. कागदावर केलं, तीनदा तपासलं, एक जागा चुकलेली सापडली. पावणेएकला परत स्टार्ट केलं आणि रिले एकेक करून ऑनलाइन यायला लागले, बॅटरीवाले सेन्सर मात्र सावकाश, ते झोपेतून उठले की मगच बोलतात. मी पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले. दिवा लागला.

तो कागद आता लाईटबिलांच्या फाईलमध्ये आहे, आईच्या कपाटात. गच्चीवरच्या टाकीचा सेन्सर अजून गप्प आहे, संध्याकाळी वर जाऊन बघते.